निळ्या पेन्सिलीतला माणूस

मोनेसेन, पेनसिल्व्हेनिया
९ सप्टेंबर १९७७

प्रिय एमिल,

तुझी आई ठीक आहे. हे आधीच सांगते, कारण माझं पत्र पाहून तुला आधी तीच शंका येणार हे मला माहीत आहे. दहा वर्षांत नाताळच्या कार्डाखेरीज मी तुला एक ओळ लिहिलेली नाही, आणि तूही घराकडे फिरकलेला नाहीस. फिटंफाट.

काम तुझ्या कॉमिकबद्दल आहे. हसू नकोस.

आई दर महिन्याला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाते, तो फिरता स्टँड गरगर फिरवते आणि ‘कॅप्टन बेसेमर’ विकत आणते. इंग्रजी तिला अजून धड वाचता येत नाही. भिंग घेऊन नुसती चित्रं बघते. आपल्या थोरल्याच्या हातचं काम म्हणून बघते, असं मी आजवर समजत होते. एप्रिलच्या अंकात चौदाव्या पानावर लांब पुलावर एक माणूस उभा आहे, अगदी बोटाच्या पेराएवढा. आईने त्याच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हा अँडी. मागच्या खिशात हात, डाव्या पायावर सगळा भार. असाच उभा राहायचा माझा पोरगा. एमिलला तो भेटलाय.”

मी म्हटलं, “आई, चित्र आहे ते.”

“चित्र काढायला आधी बघावं लागतं,” ती म्हणाली.

आता ऑगस्टच्या अंकाच्या मुखपृष्ठावर भलीमोठी अक्षरं आली आहेत: व्हिसल जिवंत आहे का? ती तर तिलाही वाचता आली. कॅप्टन बेसेमर आणि त्याचा जोडीदार व्हिसल तुम्ही दोघा भावांनी लहानपणी याच स्वयंपाकघरात, खाटकाच्या पुडीच्या कागदावर काढले. एमिल म्हणजे बेसेमर, अँडी म्हणजे दातांतून शिट्टी मारणारा व्हिसल. हे जिच्या डोळ्यांदेखत झालं, तिने दुसरा काय अर्थ लावावा?

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आपण एक जादा ताट मांडतो ना, वाट चुकलेल्यासाठी? एप्रिलपासून ती ते रोज मांडते. त्यात कोबी-शेवया वाढते. दुसऱ्या दिवशी तेच मी डब्यात भरून टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नेते. सहा महिने मी न आलेल्या नवऱ्याचं जेवण जेवते आहे.

आणि हवाई दलाचं पत्र आलं आहे. अर्ज केला तर युद्धात विमानासकट हरवलेल्या अँडीला ‘बेपत्ता’ऐवजी ‘मृत’ म्हणून जाहीर करतील. बायको म्हणून माझी एकटीची सही पुरते. पण जिने त्याला जन्म दिला तिच्या सहीवाचून मी तो कागद पाठवणार नाही, हे मी ठरवलं आहे. आणि ती पेनला हात लावत नाही. नळदुरुस्तीवाला रसेल म्हणाला, भावालाच विचार, तो काय करणार आहे त्या गोष्टीत. म्हणून विचारते. तुझा व्हिसल परत येणार आहे का? जे असेल ते आईला लिही. तुझं ती ऐकेल.

थेल्मा

(स्वयंपाकघरातला नळ आता गळत नाही. रसेलने नीट केला.)


क्वीन्स, न्यूयॉर्क
१७ सप्टेंबर १९७७

प्रिय थेल्मा,

पत्र वाचून बरं वाटलं म्हणू की वाईट, कळत नाही. तुझं अक्षर अजून तसंच आहे, सरळ रेषेत चालणारं.

आमच्याकडे गोष्ट काय होणार ते मी ठरवत नाही. ते ठरवतो हॅल, आमचा संपादक. मी सांगकाम्या. तो म्हणतो इमारत पाड, मी पाडतो. वाचकांची पत्रं आली, ‘व्हिसलला परत आणा’, खप वाढेल असं हॅलला वाटलं, बस्स. तो खरंच व्हिसल आहे की त्याचा मुखवटा घातलेला कुणी भामटा, हे अजून हॅललाही माहीत नाही. आम्ही तीन-चार महिने पुढे काम करतो. तुमच्या दुकानात जे आत्ता आहे ते मी उन्हाळ्याच्या आधीच काढून मोकळा झालो. त्यामुळे आज काही बदललं तरी तुम्हाला जानेवारीत दिसेल.

आईला सांग, ती कागदावरची माणसं आहेत. कागदावर काय कुणीही उभं राहतं.

सहीचं मी तिला काय सांगू? मी त्या घरात आलो की ते ताट दिसणार. मला ते बघवत नाही. तू तिथे आहेस, तुला जास्त कळतं.

आणि हा रसेल कोण? दोन पानांच्या पत्रात दोनदा आला. तुमच्याकडे एवढे नळ कधीपासून गळायला लागले?

एमिल


मोनेसेन
३ ऑक्टोबर १९७७

एमिल,

विचारलंसच तर ऐक. रसेल केर, वय चव्वेचाळीस, त्याची बायको सहा वर्षांपूर्वी गेली. दोन वर्षं तो आमच्याकडे येतो. पहिलं वर्ष खरोखर नळासाठी आला. दुसऱ्या वर्षी मीच वॉशर सैल करून ठेवायचे. झालं समाधान?

तो लग्नाचं विचारतो. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. मी आहे कोण, तेच मला सांगता येत नाही. विधवा म्हणावं तर कपाळावर बेपत्ताचा शिक्का, बायको म्हणावं तर नवरा नाही. एक्स्चेंजमध्ये दिवसभर मी लोकांच्या तारा जोडून देते, ‘बोला, लाइन लागली’. माझी एकटीची लाइन दहा वर्षं नुसती वाजते आहे. कुणी उचलत नाही आणि मला ठेवताही येत नाही.

अँडीवर माझं प्रेम होतं. आहे. हे तुला सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं.

आणि तू म्हणतोस, तू तिथे आहेस, तुला कळतं! छान. उंटावरून शेळ्या हाकायला तुझ्याकडून शिकावं. आई तुझी आहे. तिला ताप आला की उशाशी मी. चर्चमधल्या बायकांना उत्तरं देते मी. तू तिथे बसून पुलावर माणसं उभी करायची आणि मग म्हणायचं, कागदावर काय कुणीही उभं राहतं.

थेल्मा


क्वीन्स
८ ऑक्टोबर १९७७

थेल्मा,

तर मग गोष्ट नळाची होती. तुला घाई झाली आहे एवढंच आधी लिहिलं असतंस, तर दोघांचा वेळ वाचला असता.

माझ्या भावाला पुरायला माझी मदत मागू नकोस. आई सही करत नसेल, तर त्या घरात निदान एक माणूस तरी अजून त्याच्या बाजूने आहे.

एमिल


मोनेसेन
६ नोव्हेंबर १९७७

एमिल,

तुझ्या त्या पत्राला उत्तर द्यायचं नाही म्हणून कानाला खडा लावला होता. पण हे कळवायलाच हवं.

मंगळवारी दुपारी मी कामावर असताना आई बसथांब्यावर जाऊन बसली. न्यूयॉर्कची बस तीनला येते हे तिने कुणाकडून तरी विचारून ठेवलं होतं. तीनच्या बसमधून कुणी उतरलं नाही, म्हणून साडेपाचच्या बसची वाट बघत बसली. अंगावर नुसता स्वेटर, मांडीवर अँडीचा जुना कोट. तो उतरल्यावर त्याला थंडी वाजू नये म्हणून. पाऊस होता. रसेलने गाडीतून जाताना बघितलं आणि उचलून घरी आणलं. आता छातीत कफ आहे, डॉक्टर म्हणतात निभावेल.

वाटेत ती रसेलला म्हणाली, “तू भला माणूस आहेस, पण तुला लवकरच जावं लागेल हं. घरधनी येतोय.” रसेल म्हणाला, “हो आई, जाईन.” हे त्याने मला सांगितलं नाही, तिने सांगितलं.

तुला एकच विचारते. हॅलची गोष्ट ऑगस्टला सुरू झाली. पुलावरचा माणूस एप्रिलमधला. तेव्हा कुणाचं पत्र नव्हतं, कुणाचा हुकूम नव्हता. मग तो माणूस तुला कुणी काढायला सांगितला होता?

थेल्मा


क्वीन्स
१३ नोव्हेंबर १९७७

प्रिय थेल्मा,

कुणीही नाही.

आधी त्या आठ तारखेच्या पत्राबद्दल. ते मी लिहिलं आणि पेटीत टाकलं, आणि पेटीत हात घालून परत काढता येईना म्हणून तिथेच उभा राहिलो. मला लाज वाटते. एवढंच लिहितो, कारण जास्त लिहिलं तर ते पुन्हा माझ्याचबद्दल होईल.

आता पुलावरचा माणूस. आम्ही फिकट निळ्या पेन्सिलीने खुणा करतो, कारण छापखान्याच्या कॅमेऱ्याला तो निळा रंग दिसत नाही. जे छापायचं ते काळ्या पेन्सिलीत. त्यावर दुसरा माणूस शाई चढवतो. निळं कागदावर तसंच राहतं आणि छापलेल्या अंकात नाहीसं होतं.

अँडी बेपत्ता झाल्याची तार आली, त्या आठवड्यात माझ्यापुढे गर्दीचं एक चित्र होतं. त्यात मी त्याला निळ्यात उभा केला. कुणाला दिसणार नव्हता. मग पुढच्या पानावर. मग सवयच लागली. दहा वर्षांत माझं एक पान त्याच्याशिवाय गेलं नाही, थेल्मा. गच्चीवर, दुकानाच्या दारात, मोर्च्यात, आगीत, जिथे जागा मिळेल तिथे तो उभा आहे आणि छापून झालं की नाही.

यंदा आमच्याकडे शाईला नवा पोरगेला माणूस आला, डुएन. निळ्याला हात लावायचा नाही हे त्याला माहीत होतं. पण ते पुलाचं पान मी अँडीच्या वाढदिवशी काढलं, आणि माझा हात जरा जड पडला. डुएनला वाटलं, एवढं नीट काढलंय म्हणजे हवंच असणार. त्याने शाई चढवली. अंक छापून आला तेव्हा मी पाहिलं. मी त्याला एक शब्द बोललो नाही. खरं सांगू? मला आनंद झाला होता.

मग वाचकांची पत्रं आली. पुलावर कोण आहे? व्हिसल का? हॅल नाचत माझ्या टेबलाशी आला, “हुडाक, लबाडा, हे आधीच पेरून ठेवलं होतंस!” मी हो म्हणालो. बाकी सगळं त्या एका ‘हो’तून उगवलं. आई बसथांब्यावर बसली, तेही त्यातूनच.

आणखी एक. १९६६ साली व्हिसलला वितळलेल्या पोलादात पाडणारा मीच. हॅलला एक मृत्यू हवा होता, मी जोडीदार सुचवला. अँडीने तळावरून लिहिलं होतं, “मारलंस का मला? असू दे. कॉमिकात कायमचं कोण मरतं!” वर्षभरात त्याचं विमान परत आलं नाही. यात काही संबंध नाही हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही.

हल्ली कंपनी छापून झालेली मूळ पानं आम्हाला परत देते. त्याआधीची काही मी कचऱ्यातून उचलली होती. वेगळ्या पार्सलने पाठवतो आहे. तू बघ आणि मग आईला काय सांगायचं ते ठरव. तिला दाखवू नकोस. ती आणखीच धरून बसेल.

रसेलला माझे आभार सांग.

एमिल


मोनेसेन
२७ नोव्हेंबर १९७७

प्रिय एमिल,

पार्सल मी घरी नसताना आलं, आणि आईनेच घेतलं. तुझं नाव पाहिल्यावर ती थोडीच थांबणार?

मी कामावरून आले तर स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर, खुर्च्यांवर, शेगडीवर, सगळीकडे तुझी पानं. शेगडी थंड होती, नशीब. आई भिंग घेऊन मधोमध बसलेली. अंगात अजून कणकण, पण गाल लाल. आता हिला कोण आवरणार, म्हटलं. एका पुलावरच्या माणसाने तिला बसथांब्यावर नेलं, इथे तर दीडशे अँडी!

मी कोट न काढताच तिच्या शेजारी बसले. खरंच प्रत्येक पानावर आहे तो, एमिल. फिकट, आभाळाच्या रंगाचा. एका पानात इमारत कोसळते आहे, सगळे पळताहेत, आणि हा खिशात हात घालून उभा. मला हसू आलं, कारण तो तसाच होता, आणि मग मी रडले. खूप रडले. आई रडली नाही.

ती म्हणाली, “थेल्मा, यातलं सगळ्यांत जुनं कुठलं?”

मी मागचे शिक्के बघून शोधून दिलं. १९६७.

“आणि सगळ्यांत नवं?”

तेही दिलं. तिने दोन्ही शेजारी ठेवली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “याचे केस बघ.”

मी म्हटलं, “काय झालं केसांना?”

“काही झालं नाही. तेच तर. माझ्या सासऱ्यांचं डोकं तिशीत गेलं. नवऱ्याचं तेहतिसाव्या वर्षी. एमिलचा तर तिसाव्यालाच गोटा. हुडाकांच्या घरात चाळिशीला कंगवा कुणी पाहिलेला नाही. आणि हा बघ, दहा वर्षं झाली, भांगसुद्धा हललेला नाही.”

मी दोन्ही पानं उजेडात धरून भांग बघितला.

“एमिलला तो भेटला असता,” ती म्हणाली, “तर त्याने टक्कल काढलं असतं. त्याला तो भेटलेला नाही. कुणालाच भेटलेला नाही. माझा पोरगा म्हातारा होत नाहीये, थेल्मा. म्हातारं न होणारी माणसं मेलेली असतात.”

मग तिने पानं गोळा केली, एकेक, कोपरे न दुमडता. जादा ताट टेबलावर होतं, ते उचलून फडताळात ठेवलं. हात धुतले, ॲप्रनला पुसले, आणि म्हणाली, “तो कागद आण.”

सही केली. तिचं नाव पूर्ण लिहायला तिला किती वेळ लागतो तुला माहीत आहे. मी बघत होते आणि मला वाटत होतं की तिने मध्येच थांबावं. इतके महिने त्या सहीसाठी तुझ्याशी भांडले, आणि ती होत असताना मला ती नको होती.

अर्ज काल गेला. रसेलला मी अजून काही सांगितलेलं नाही. थोडे दिवस मला अँडीची विधवा म्हणून राहायचं आहे. ते मला कधी मिळालंच नाही.

थेल्मा

ता. क. आईही तुला लिहिणार म्हणते. आपल्या भाषेत लिहील, वाचायला विसरला नसशील अशी आशा.


मोनेसेन
२ डिसेंबर

एमिल,

थेल्मा म्हणते तुला फार वाईट वाटतंय. वाटू दे थोडं. मग पुरे कर.

शिट्टीवाल्याला तू गोष्टीत मारलंस, म्हणून अँडी गेला असं तुझ्या डोक्यात आहे म्हणे. तू लहानपणीही असाच होतास. मांजर मेलं तेव्हा म्हणालास, मी काल त्याला रागावलो म्हणून. मूर्खा, तुझ्या पेन्सिलीत एवढी ताकद असती तर गेल्या दहा वर्षांत तो तिच्यातूनच घरी आला नसता का?

रसेल चांगला माणूस आहे. जेवतो जरा जास्त, पण चांगला. थेल्माला मी सांगितलं, काळे कपडे उन्हाळ्यापर्यंत घाल, मग पेटीत ठेव. तूही तिला चांगलं काहीतरी लिही.

आता माझं काम. तू चित्रं छान काढतोस, पण तुला वय काढता येत नाही. अठ्ठावीसचा अँडी मला पाठ आहे, माझ्याकडे त्याचे फोटो आहेत. मला अडतिसाचा बघायचा आहे. एकदाच काढून दे. तो इथे असता तर कसा दिसला असता ते मला बघू दे. मग मी काही मागणार नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी घरी ये. रोजचं ताट मी बंद केलं. त्या संध्याकाळचं मांडणार. ते वाट चुकलेल्याचं असतं. दहा वर्षं घरी न आलेला मुलगा वाट चुकलेलाच.

मशरूमचं सूप मी करणार. थेल्माचं पातळ होतं.

आई


क्वीन्स
१५ डिसेंबर १९७७

प्रिय आई, प्रिय थेल्मा,

हे दोघींना मिळून लिहितो आहे. थेल्मा, तू आईला वाचून दाखव. सूपाबद्दल तिने जे लिहिलं ते मी तुला सांगणार नाही.

चित्र सोबत आहे. आई, मला आठ दिवस लागले. महिन्याला वीस पानं काढणारा माणूस मी, एका माणसासाठी आठ दिवस. आधी नुसतं डोकं तुळतुळीत केलं, तर तो वेषांतर केल्यासारखा दिसायला लागला. नाक वाढत कसं जातं, हनुवटीखाली काय होतं, मला सुचेना. शेवटी आरसा आणून टेबलावर ठेवला आणि मला बघून काढलं. माझं कपाळ, माझे कान, बाबांचं पोट. मग चार वर्षं कमी केली. डोळ्यांशी आलो तेव्हा आरसा उलटा करून ठेवला. ते त्याचेच आहेत, ते मला बघावे लागत नाहीत.

उभा तसाच आहे, खिशात हात घालून.

हे चित्र मी निळ्यात सुरूच केलं नाही. काळ्या पेन्सिलीत काढलं आणि शाईही मीच चढवली. डुएन म्हणाला, मी करून देऊ का. म्हटलं, नको रे, हे घरचं आहे.

व्हिसलचं हॅलने ठरवलं. मुखवट्याखाली भामटाच निघणार. मी त्याच्याकडे एक पान मागून घेतलं, शेवटचं, संवाद नसलेलं. भामट्याला पोलीस घेऊन गेलेत आणि कॅप्टन बेसेमर पुलावर एकटा उभा आहे. हॅल कुरकुरला, खपणार नाही म्हणाला, मग माझ्या तोंडाकडे बघून ‘काढ’ म्हणाला. एप्रिलमध्ये दुकानात येईल. आई, तू त्या पानावर भिंग घेऊन शोधू नकोस. तिथे कुणी नाही.

आता मी त्याला निळ्यात काढत नाही, असं लिहिणार होतो. पण तुम्हा दोघींशी पुन्हा खोटं बोलायचं नाही. काल सहाव्या पानावर गर्दी होती, हात तिकडे गेलाच. जागा तेवढी सोडली आणि उठून खिडकीपाशी गेलो. परत येऊन बघितलं तर ती जागा त्याच्याच आकाराची दिसत होती.

थेल्मा, त्याला तुझ्याइतकं कुणी जपलं नाही. मी त्याला जपलं ते कुणाला दिसू नये म्हणून. तू जपलंस ते रोज डब्यात भरून कामावर नेऊन. रसेलला विचार, नाताळच्या आदल्या संध्याकाळी तो मोकळा आहे का. त्याच्यासाठी वेगळं ताट मांडा. मी वाट चुकलेल्याचं घेतो.

चोवीस तारखेला साडेपाचच्या बसने येतो. थांब्यावर कुणी येऊ नका. आई, तू तर नाहीच. घरी गरम बस. अँडी कोपऱ्यावर वळला की शिट्टी मारायचा आणि तू शेगडीवर पातेलं चढवायचीस. मला शिट्टी कधी जमली नाही. मी दार वाजवीन.

तुमचा
एमिल